गाडी दुरुस्त झाली, पण गेलेली किंमत परत मिळते का?

मधुमालती

नमस्कार मंडळी. तीन आठवडे एकाच गोष्टीने डोकं पोखरलंय, म्हणून इथे विचारतेय.

मी अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात राहते. फेब्रुवारीत जॉर्जिया ४०० हायवेवरून उतरून सिग्नलला थांबले होते. मागून एक पिकअप ट्रक आला आणि धाडकन आदळला. लेक मागच्या सीटवर होती. देवाची कृपा, दोघींना खरचटलंसुद्धा नाही. पोलिसांनी रिपोर्टमध्ये चूक त्याचीच लिहिली, त्यानेही तिथल्या तिथे कबूल केलं. गाडी २०२२ ची आरएव्ही४ हायब्रिड, ३१,००० मैल चाललेली, अंगावर ओरखडा नव्हता. मागचा बंपर, डिकीचं दार, मागचा पॅनल आणि उजवा क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) बदलावा लागला. बिल ९,६०० डॉलर झालं. ते त्याच्या इन्शुरन्सने काही कटकट न करता भरलं.

काम छान झालंय, मला तरी कुठे खूण दिसत नाही. पण गेल्या शनिवारी डीलरकडे सहज किंमत विचारली. माणसाने गाडीभोवती फेरी मारली, खूश दिसला. मग आत जाऊन व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकला आणि परत येऊन म्हणाला, "अ‍ॅक्सिडेंट दिसतोय." डिसेंबरमध्ये ऑइल बदलायला गेले होते तेव्हा याच डीलरने २६,००० सांगितले होते. आता म्हणतो २२,४००.

म्हणजे माझी काडीची चूक नसताना ३,६०० डॉलर गेले. हे कोणाकडून परत मिळतात का? कोणी मिळवले आहेत का? इन्शुरन्सवाल्याला फोन केला तर म्हणाला, "दुरुस्तीचे पैसे दिले, फाइल बंद."

गोट्याकाका

सर्वात आधी, तू आणि लेक सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. मानेचं दुखणं दोन-तीन दिवसांनी सुद्धा वर येतं, दाखवून घेतलंस ना?

आता पैशाचं. तू कुठल्याही कागदावर सही केली आहेस का? बाकीचं सगळं नंतर, आधी हे सांग.

मधुमालती

काका, दोघींना डॉक्टरांना दाखवलं, सगळं ठीक आहे. सही फक्त बॉडी शॉपच्या कागदांवर केली. इन्शुरन्सने काही पाठवलंच नाही, पैसे थेट शॉपला गेले.

गोट्याकाका

मग जिंकलीस. निदान हरलेली तरी नाहीस. "सर्व मालमत्ता नुकसानीचा पूर्ण मोबदला मिळाला" अशा कागदावर सही झाली असती तर हा धागा इथेच संपला असता. माझ्या भाच्याने तशी केली. चेकसोबत आलेला कागद न वाचता. नंतर कितीही डोकं आपटलं तरी उपयोग झाला नाही.

तुंगभद्रा

मी आठ वर्षं इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम्समध्ये काम केलंय, आता सोडलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही म्हणताय त्याला डिमिनिश्ड व्हॅल्यू म्हणतात, ऑफिसात सगळे डीव्ही म्हणतात. ही घट तीन तऱ्हेची असते. एक, ठोकर बसल्या क्षणीची, म्हणजे दुरुस्तीआधी गाडी आहे तशी विकली तर. दोन, दुरुस्ती वाईट झाल्यामुळे आलेली: रंग जुळला नाही, दार नीट बसलं नाही. तीन, दुरुस्ती उत्तम होऊनही उरलेली, निव्वळ "ही ठोकलेली गाडी आहे" या इतिहासामुळे. तुमची तिसरी. दोन सारख्या गाड्या शेजारी उभ्या असतील आणि एकीच्या इतिहासात अपघात असेल, तर कुठलाही शहाणा गिऱ्हाईक तिला कमीच पैसे देणार.

समोरच्याची चूक असेल तर ही घट त्याच्याकडून, म्हणजे व्यवहारात त्याच्या इन्शुरन्सकडून, मागता येते. जॉर्जियात मालमत्तेच्या नुकसानीसाठी दाव्याची मुदत ४ वर्षं आहे, त्यामुळे घाई नाही. पण वेळ काढूही नका. जितके महिने जातील, जितके मैल वाढतील, तितकं "अपघाताआधी गाडी कितीची होती" हे दाखवणं अवघड होतं.

"फाइल बंद" हे वाक्य मीही फोनवर शेकडो वेळा ऐकवलंय. त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही अजून लेखी मागितलेलं नाही. डीव्ही कोणी आपणहून देत नाही, मागावी लागते.

शेंगदाणा

मला हे पटत नाही, स्पष्टच सांगतो. गाडी विकायची आहे का? नाही. मग नुकसान कुठे झालं? दहा वर्षं चालवली तर शेवटी अपघात झालेली आणि न झालेली, दोन्ही भंगाराच्या भावातच जाणार. न झालेल्या नुकसानीचे पैसे मागायचे, आणि मग सगळ्यांचेच प्रीमियम वाढले की ओरडायचं.

मधुमालती

शेंगदाणा, दोन वर्षांनी आम्हाला मोठी गाडी घ्यायची आहे, तेव्हा हीच द्यायची होती. पण समजा विकायची नसती, तरी माझ्या दारात उभी असलेली वस्तू काल २६ हजारांची होती आणि आज साडेबावीसची आहे, हे खरं नाही का? उद्या नोकरी गेली आणि विकायची वेळ आली तर?

राइनकाठ

शेंगदाण्यांचा मुद्दा जर्मनीत साठ वर्षांपूर्वीच निकालात निघालाय. इकडे याला मेर्कांटिलर मिंडरवेर्ट म्हणतात, व्यापारी मूल्यातली घट. इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितलं, की मालक गाडी विकणार नसेल, स्वतःच वापरत राहणार असेल, तरी ही घट हे नुकसानच आहे आणि ते भरून द्यायला हवं.

शिवाय इथे तज्ज्ञ आपण निवडायचा. चूक समोरच्याची आणि नुकसान किरकोळ नसेल तर त्याची फीसुद्धा समोरच्याची इन्शुरन्स देते. तो दुरुस्तीचा खर्च आणि मिंडरवेर्ट एकाच अहवालात लिहितो. माझ्या फोक्सवॅगनच्या वेळी मला स्वतःहून एक ओळही लिहावी लागली नाही, अहवालात आकडा आला आणि खात्यात जमा झाला. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने एवढंच स्पष्ट केलं, की हा आकडा व्हॅट वगळून आलेल्या विक्री किमतीवरून काढायचा.

शेंगदाणा

१९६१! मग काय बोलणार. तरी प्रीमियमचा मुद्दा मी सोडलेला नाही.

पर्वतीपायथा

आणि आमच्याकडे, भारतात? स्टँडर्ड पॅकेज पॉलिसीच्या अपवादांत पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं: परिणामी नुकसान, घसारा, झीज यांची जबाबदारी कंपनीवर नाही. म्हणजे स्वतःच्या पॉलिसीतून ही घट मिळत नाही. थर्ड पार्टीच्या मालमत्ता नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा आहे आणि त्यासाठी मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे जावं लागतं. तेवढ्यासाठी कोण जातो? लोक डेंटिंग-पेंटिंग करून घेतात आणि विकताना गप्प बसतात.

मधुमालतीताई, तुमच्याकडे वाट आहे तर चाला. आमच्या वाटचंही मिळवा.

अबोली_१२

गप्प बसणं हाच तर प्रॉब्लेम आहे ना. मी पहिली गाडी अशाच गप्प बसलेल्या माणसाकडून घेतली होती.

रंधा

बॉडी शॉपमध्ये एस्टिमेटर आहे. "मला कुठे खूण दिसत नाही" या वाक्यावर लिहितो, कारण डीलरला ती दिसते.

त्यांच्या हातात रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. पत्र्याला टेकवलं की टिक होतं आणि आकडा येतो. कंपनीचा मूळ रंग साधारण ४ ते ७ मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) भरतो. पुढच्या दाराला टेकवा, ५. मागच्या दाराला, ५.२. क्वार्टर पॅनलला टेकवलं की एकदम १०-११. बास, तिथे रंगकाम झालंय. काचेभोवतीच्या रबराची कड नखाने उचलून बघतात, खाली रंगाची बारीक रेघ सापडते. डिकीच्या बिजागरीचे बोल्ट बघतात. कारखान्यातून आलेल्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग अखंड असतो, एकदा पाना लागला की कोपरे उडतात.

आणि क्वार्टर पॅनल बदलला म्हणताय, तो मोठा मुद्दा आहे. बंपर बोल्टने लागतो, तो बदलला तर फारसं कोणी मनावर घेत नाही. क्वार्टर पॅनल गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेला असतो. तो कापून नवा जोडावा लागतो. काम कितीही सुबक असलं तरी कारखान्यातला जोड तो कारखान्यातला जोड. त्यामुळे तुमच्या मागणीत "क्वार्टर पॅनल कापून वेल्ड केला" हे शब्द ठळकपणे यायला हवेत. शॉपकडून शेवटचं, सप्लिमेंटसकटचं (नंतर वाढलेल्या कामासकटचं) बिल मागून घ्या. पहिल्या एस्टिमेटमध्ये बऱ्याचदा हे नसतं, गाडी उघडल्यावर सापडतं.

मधुमालती

रंधा, तुमचं वाचून खाली जाऊन बोल्ट बघून आले. उडालेत कोपरे.

गोट्याकाका

आता सगळा धागा पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन फिरणार!

चिंचेचं_बोटूक

मी फिरून आले. माझ्या डाव्या फेंडरचे बोल्टसुद्धा उडालेत आणि ही गाडी मी "एकदम क्लीन" म्हणून घेतली होती. आता काय करू?

रंधा

बोटूक, घाबरू नका. फेंडर बोल्टने लागतो, पार्किंगमधल्या धक्क्यानेही बदलावा लागतो. आतल्या बाजूच्या वेल्डचे ठिपके एका अंतराने, एका आकाराचे असतील तर सांगाडा शाबूत आहे. पुढच्या खेपेला घेण्याआधी दाखवा म्हणजे झालं.

डफलीवाला

मधुमालती, मी पण जॉर्जियातच. २००१ च्या मेब्री खटल्याचं नाव टाका पत्रात. त्या निकालामुळे समोरच्याची इन्शुरन्स कंपनी डीव्ही द्यायला बांधील आहे.

तुंगभद्रा

डफलीवाला, इथे थोडी दुरुस्ती. ही चूक पत्रात गेली तर कंपनीत दावा हाताळणारा अ‍ॅडजस्टर तेवढ्यावरच पत्र बाजूला ठेवतो.

स्टेट फार्म विरुद्ध मेब्री, जॉर्जिया सुप्रीम कोर्ट, नोव्हेंबर २००१. तो खटला लोकांनी स्वतःच्याच इन्शुरन्स कंपनीवर केला होता. कोर्टाने सांगितलं, की गाडीचं नुकसान भरायचं कबूल केलंय त्यात किमतीतली घटही येते, आणि ग्राहकाने वेगळी मागितली नाही तरी कंपनीने तिचा विचार करायला हवा. म्हणजे उद्या चूक तुमची स्वतःची असली आणि तुमच्याकडे कोलिजन (स्वतःच्या गाडीच्या धडकेचा विमा) असेल, तरी जॉर्जियात तुम्ही आपल्या कंपनीकडे डीव्ही मागू शकता. बहुतेक राज्यांत हे नाही.

मधुमालतीताईंचा दावा समोरच्यावर आहे. त्याला मेब्रीची गरजच नाही. नुकसान करणाऱ्याने ते भरून द्यायचं, हा साधा नियम पुरतो.

डफलीवाला

धन्यवाद तुंगभद्राताई, मी आजवर उलटंच समजत होतो.

लोनस्टार_पाटील

टेक्सासवाल्यांसाठी: आमच्या सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये शेफर खटल्यात नेमकं उलटं सांगितलं. गाडी नीट दुरुस्त करून दिली असेल तर स्वतःच्या कंपनीने वर घट द्यायची गरज नाही. पण समोरच्याची चूक असेल तर त्याच्याकडून मागता येते, मुदत २ वर्षं. इथले लोक दोन्हींची गल्लत करतात आणि हक्काचं सोडून देतात.

मिशिगनची_मावशी

आमच्याकडे नो-फॉल्ट, म्हणजे चूक कोणाचीही असो, ज्याने त्याने आपल्याच इन्शुरन्सकडे जायचं. मिनी-टॉर्टमध्ये, म्हणजे समोरच्यावर करता येणाऱ्या छोट्या दाव्यात, त्याच्याकडून जास्तीत जास्त ३,००० डॉलर, आणि तेही इन्शुरन्सने न भरलेल्या नुकसानीसाठी. २०२० च्या आधी तर १,००० च होते. मी डीव्हीचा नाद सोडून दिला.

मधुमालती

अपडेट. तुंगभद्राताईंनी सांगितल्याप्रमाणे ईमेलवर लेखी मागणी केली. बारा दिवसांनी उत्तर आलं. फाइल उघडली! पण ऑफर १,१२० डॉलरची आहे. सोबत हिशोब दिलाय:

अपघाताआधीची किंमत २८,०००. तिचे १० टक्के, २,८००. गुणिले ०.५०, "मध्यम नुकसान". झाले १,४००. गुणिले ०.८०, मैलांसाठी. झाले १,१२०.

खाली लिहिलंय, "हे उद्योगमान्य सूत्र आहे." मला पहिल्यांदा वाटलं, एवढा व्यवस्थित हिशोब आहे म्हणजे बरोबरच असणार. मग डीलरचे ३,६०० आठवले. काय करू, घेऊन टाकू?

तुंगभद्रा

नका घेऊ. याला १७सी म्हणतात. नाव कुठून आलं तर मेब्री खटल्यातल्या खालच्या कोर्टाच्या आदेशातल्या १७ व्या परिच्छेदाचं सी कलम. तिथे त्या एका खटल्यापुरती वापरलेली पद्धत होती, ती पुढे सगळीकडे पसरली. कायदा नाही. जॉर्जियाच्या विमा आयुक्तांच्या कार्यालयाने २००८ मध्ये लेखी स्पष्ट केलंय, की त्यांनी कुठल्याही ठरावीक सूत्राला मान्यता दिलेली नाही. "उद्योगमान्य"चं उत्तर तिथेच आहे.

आता सूत्र बघा. १० टक्क्यांची कमाल मर्यादा का? कुठल्या बाजाराने सांगितलं, की गाडी दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरत नाही? तुमचा डीलर तर जवळजवळ चौदा टक्के उतरवतोय.

दुसरं, मैल. २० हजारांच्या आत १.००, मग ०.८०, ०.६०, ०.४०, ०.२०, आणि एक लाखावर शून्य. पण २८,००० ही किंमत काढतानाच तुमचे ३१,००० मैल धरलेले आहेत. त्याच मैलांसाठी परत कापणं म्हणजे एका गोष्टीचे दोनदा पैसे घेणं. आणि लाख मैलांवर घट शून्य म्हणजे तेवढ्या चाललेल्या गाडीच्या गिऱ्हाइकाला अपघाताचं काही वाटत नाही, असं मानायचं!

तिसरं, ०.५०. सांगाड्याच्या मोठ्या नुकसानीला १.००, मग ०.७५, ०.५०, ०.२५, आणि शून्य. तो आकडा टेबलाशी बसलेला माणूस ठरवतो, बऱ्याचदा पहिल्या एस्टिमेटवरून. रंधा म्हणाले ते वेल्डचं बिल त्याने बघितलंय का, हे विचारा.

मी स्वतः अशी शेकडो पत्रं पाठवली आहेत. स्क्रीनवर चार खाने भरायचे, आकडा येतो. समोरच्याने पुरावा पाठवला तर तो आकडा हलवायचा अधिकार आम्हाला असायचा. नाही पाठवला तर आम्ही का हलवू? बहुतेक लोक पाठवायचे नाहीत. ते आजही मला लागतं, त्यातल्या कितीतरी जणांचं म्हणणं खरं होतं.

तुम्ही हे गोळा करा: स्वतंत्र अप्रेझरचा अहवाल (म्हणजे गाडीची किंमत ठरवणारा तज्ज्ञ; परवानाधारक, नुसती वेबसाइट नको), दोन-तीन डीलरचं लेखी मत, की अपघाताविना किती दिले असते आणि आता किती, शॉपचं शेवटचं बिल आणि अपघाताआधीचे फोटो असतील ते. मग मागणीपत्र. ते साध्या ईमेलने नको, सर्टिफाइड मेलने. जॉर्जियात कायदा असा आहे, की समोरच्याच्या कंपनीला ठरावीक रक्कम लिहून अशी मागणी केली आणि ६० दिवसांत तिने हेकटपणे टाळाटाळ केली, तर नंतर कोर्टात तिच्यावर दंड बसू शकतो: देय रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत किंवा ५,००० डॉलर, यातलं जे जास्त ते, वर वकिलाची फी. लहान दाव्याला हे फार उपयोगी पडतं. ३,६०० साठी ५,००० चा धोका कोण घेईल?

शेंगदाणा

तुंगभद्राताई, तुमचा हा प्रतिसाद दोनदा वाचला. मैलांचा मुद्दा बिनतोड आहे. मी पक्ष बदलतोय.

मनीप्लांट

अप्रेझर किती घेतो? एक हजाराच्या ऑफरसाठी पाचशे घालायचे आणि हाती काही लागलं नाही तर?

मधुमालती

मला ३५० सांगितले. मनीप्लांट, ही भीती मलाही होती. मी आधी फुकटातलं केलं, तीन डीलरकडे गेले. तिघांचेही आकडे ३,००० ते ४,००० च्या मधे आले, तेव्हा ३५० घालायचं ठरवलं. ते हजाराच्या आतबाहेर आले असते तर नसते घातले.

अबोली_१२

थोडं अवांतर, पण मला लिहायचंच आहे. डीव्ही घेतल्यावर पुढे गाडी विकताना अपघाताबद्दल सांगायचं का? काही जण म्हणतात, गाडीच्या इतिहासाच्या रिपोर्टमध्ये आलं नसेल तर कशाला बोला.

मी गप्प बसलेल्या माणसाकडून घेतलेली गाडी: पावसात डिकीत पाणी यायचं. सहा महिने मला वाटत होतं, पाण्याची बाटली सांडते. शेवटी मेकॅनिकने गालिचा उचलला तर खालचा पत्रा गंजून हाताने भुगा होत होता, आणि जोडावर नुसतं सीलंट फासलेलं. त्या माणसाला माहीत होतं. मी दोन वर्षांच्या पोराला घेऊन ती गाडी हायवेवर चालवत होते.

लोनस्टार_पाटील

सांगायचंच. दुसरा प्रश्नच नाही. आणि मला तर वाटतं, डीव्ही घेणं आणि सांगणं एकमेकांना धरून आहे. घट भरून मिळाली, म्हणून मी पुढच्याला खरं सांगून कमी पैशात देऊ शकतो. नाही मिळाली तर माणूस लपवायला बघतो आणि नुकसान पुढच्याच्या गळ्यात पडतं.

रंधा

पाटील, लाखातलं बोललात. अबोली, गालिचाखालचं ते सीलंट मी पण बघितलंय. रात्रीची झोप उडते. ज्या शॉपने ते केलं ते शॉप नव्हे.

पर्वतीपायथा

पाटलांच्या या दोन ओळींत आमच्याकडच्या सेकंडहँड बाजाराचं सगळं दुखणं आलं.

भाकरवडी_बंद

लीजच्या गाडीचं काय? माझी लीजवर आहे आणि मलाही मागूनच ठोकलं. डीव्ही मी मागू शकतो का?

तुंगभद्रा

टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, नाव कोणाचं? लीजिंग कंपनीचं. घट तिच्या मालमत्तेत झाली, त्यामुळे हक्क तिचा. त्यांनी लेखी तुमच्याकडे दिला तरच तुम्ही मागू शकता. लीज संपल्यावर गाडी विकत घेणार असाल तर आत्ताच त्यांच्याशी बोला, कारण मग ती घट तुमच्या अंगावर येणार. कर्जावरची गाडी वेगळी, ती तुमचीच असते, बँकेचा फक्त बोजा असतो.

गोट्याकाका

आणि थोडी चूक आपलीही असली तर? माझ्या शेजाऱ्याचं तसं झालंय, दोघंही एकदमच वळले.

तुंगभद्रा

काका, जॉर्जियात तुमची चूक ५० टक्के किंवा जास्त ठरली तर काहीच मिळत नाही. त्याच्या आत असेल तर तेवढे टक्के वजा होऊन मिळतं. दुरुस्तीला लागू तेच डीव्हीला.

मधुमालती

दोन महिन्यांनी आलेय, माफ करा. निकाल लागल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

अप्रेझर घरी आला, दीड तास गाडीखाली-वर बघत होता. रंधांनी सांगितलेलंच यंत्र, तसेच आकडे: दार ५, क्वार्टर पॅनल १०.८. त्याच्या अहवालात घट ४,३०० आली. मी तेवढी रक्कम आणि अहवालाचे ३५० लिहून सर्टिफाइड मेलने पत्र पाठवलं. पत्रात १७सीचं नाव मी काढलंच नाही. आकडे, बिल, डीलरची पत्रं आणि "कायद्याप्रमाणे ६० दिवस" एवढंच.

एकविसाव्या दिवशी नव्या अ‍ॅडजस्टरचा फोन. आधीचा नाही, दुसरीच बाई, बोलायला चांगली. २,२०० म्हणाली. मी विचारलं, "तुम्ही शेवटचं बिल पाहिलंत का, वेल्डचं पान?" थोडा वेळ नुसता की-बोर्डचा आवाज. मग म्हणाली, "माझ्याकडे पहिलं एस्टिमेटच आहे." त्याच दिवशी ते पान परत पाठवलं. आठवड्याने २,९००. नवरा म्हणाला, घे आता. मी म्हटलं, ६० दिवस अजून संपले नाहीत. मॅजिस्ट्रेट कोर्टात (इथलं लहान दाव्यांचं कोर्ट) १५,००० पर्यंतचा दावा वकिलाशिवाय करता येतो, तो फॉर्म भरून टेबलावर ठेवला होता. तसं तिला शांतपणे सांगितलं.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी ३,४०० वर जमलं. कागद आला तो तीनदा वाचला. फक्त मालमत्तेच्या नुकसानीपुरता आहे, आम्हा दोघींच्या दुखापतीबद्दल एक शब्द नाही, हे बघूनच सही केली. चेक काल वटला. अहवालाचे वजा जाता हातात ३,०५०.

काका, तुम्ही पहिल्याच दिवशी सहीचं विचारलं नसतं तर मी तो कागद असा वाचलाच नसता. तुंगभद्राताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

तुंगभद्रा

वेल्डचं पान त्यांच्याकडे नव्हतं, यातच सगळं आलं. फार आनंद झाला हो.

गोट्याकाका

शाब्बास पोरी!

शेंगदाणा

अभिनंदन, मनापासून. आणि माझं पहिलं मत मी अधिकृतपणे मागे घेतो. प्रीमियमचंही.

मनीप्लांट

वाचनखूण साठवली. मधुमालती, एकच शंका: डीलर लेखी द्यायला तयार कसे झाले? माझ्याकडे दोघांनी तोंडी आकडा सांगितला, कागद मागितल्यावर नाही म्हणाले.

मधुमालती

मलाही पहिला नाहीच म्हणाला. मग मी सेल्समनला सोडून युज्ड कार मॅनेजरला गाठलं, मंगळवारी सकाळी, गर्दी नसताना. बिल दाखवलं आणि विचारलं, "ही गाडी आज तुमच्याकडे आली तर किती द्याल, आणि हा अपघात नसता तर किती?" दोन आकडे, तारीख, सही, व्हीआयएन, बास. दोघांनी लेटरहेडवर दिलं. तिसऱ्याने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहून दिलं, तेही तसंच झेरॉक्स करून जोडलं.